कराची ते कारवार, व्हाया मुंबई सरकार

गेल्या शनिवारी पोस्ट टाकली नाही त्याबद्दल दोघातिघांनी विचारलं. उत्तर सोपं आहे: रिलीज होता. शनिवार-रविवार दोन्ही गेले. आज थेरगावात मस्त पाऊस लागलाय, बाहेर पडायची सोय नाही, तेव्हा डोक्यात कधीपासून घोळणारा विषय एकदाचा लिहून टाकतो. विषय मासे! खायचे नव्हेत, भांडायचे. (म्हणजे शेवटी खायचेच, पण ते असो.)

हिंदुस्थानचा १९१४ सालचा नकाशा नेटवर कुठेही मिळेल. तो उघडून पश्चिम किनारा बघा. वर कराची, खाली कारवार. मधला जवळजवळ सगळा किनारा एकाच सरकारच्या हाताखाली: मुंबई इलाखा. सिंध तेव्हा मुंबईत. गुजरातचे ब्रिटिश जिल्हे मुंबईत. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी तर मुंबईतच, आणि कारवार म्हणजे उत्तर कानडा जिल्हाही मुंबईत. मध्ये संस्थानिक होते, आणि पोर्तुगीजांचे दीव, दमण, गोवा हे तीन तुकडे होते. एवढं सोडलं तर कराचीच्या कोळ्याची तक्रार आणि मालवणच्या गाबिताची तक्रार, दोन्ही कागद शेवटी मुंबईतल्या एकाच सचिवालयात येऊन पडायचे.

आज याच किनाऱ्यावर एक आंतरराष्ट्रीय सीमा आहे, चार राज्यं आहेत, एक केंद्रशासित प्रदेश आहे आणि माशांवरून किमान अर्धा डझन भांडणं आहेत. मासे मात्र तेच. बांगडा, तारली, पापलेट, सुरमई. त्यांना १ मे १९६० कधी झाला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता त्या १९१४ च्या कागदाकडे येऊ, कारण सगळ्यात वाईट भांडणाचं मूळ त्यातच आहे. कच्छचे राव आणि सिंध प्रांत यांच्यात खाडीकाठच्या जळाऊ लाकडावरून वाद झाला. हो, जळणावरून! लाकडं कुणाची, तर ज्याची जमीन त्याची. मग जमीन कुणाची? मुंबई सरकारनं २४ फेब्रुवारी १९१४ ला ठराव करून निकाल दिला. सोबत नकाशा जोडला आणि त्यावर हिरवी रेघ मारली. ती रेघ सर क्रीक नावाच्या खाडीच्या पूर्व काठानं जाते. म्हणजे अख्खी खाडी सिंधची. ठरावाचा ९ वा परिच्छेद हेच सांगतो. पण लगेच १० व्या परिच्छेदात म्हटलंय की खाडी वर्षातला बराच काळ नौकानयनायोग्य असते, आणि अशा ठिकाणी हद्द पात्राच्या मधोमध मानतात.

तुम्ही कधी असं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट बघितलंय का, ज्यात पान ९ वर एक आणि पान १० वर नेमकं उलटं असतं? मी तर दर क्वार्टरला बघतो. तेव्हा कुणाला फरक पडला नाही, कारण दोन्ही बाजूंना शेवटी मुंबई सरकारच. मग १९३६ ला सिंध मुंबईपासून वेगळा झाला आणि १९४७ ला फाळणी झाली. पाकिस्ताननं ९ वा परिच्छेद धरला, भारतानं १० वा. कच्छच्या रणाचा लवाद १९६८ ला निकालात निघाला, पण सर क्रीक त्यातून वगळलेली होती. २००७ साली दोन्ही देशांनी मिळून पाहणीही केली. भांडण आहे तिथेच.

खाडीची लांबी सुमारे ९६ किलोमीटर. नुसती चिखलदलदल. पण खाडीच्या मुखाशी सीमा कुठे संपते ते ठरलं नाही, म्हणून समुद्रातली रेघ कुठून सुरू करायची तेही ठरत नाही. आणि नेमकं तिथेच, सिंधूच्या मुखाजवळ, मासळी भरपूर. पोरबंदर, ओखा, मांगरोळ, वेरावळच्या बोटी तिथे जातात. पाकिस्तानची सागरी सुरक्षा एजन्सी त्या पकडते. आपलं तटरक्षक दल त्यांच्या पकडतं.

तुम्ही म्हणाल हा गुजरातचा प्रश्न, आपला काय संबंध. संबंध आहे. त्या बोटींवरचे बरेच खलाशी पालघर जिल्ह्यातले असतात. तलासरी, डहाणू या भागातली आदिवासी पोरं. ती समुद्रावर वाढलेली नाहीत, घरी होडी नाही. सीझनला गुजरातच्या बंदरावर जायचं, आठ-दहा महिने बोटीवर काढायचे, पगार घेऊन परत यायचं. चाकणच्या कंपनीत काँट्रॅक्टवर लागणाऱ्या पोरांत आणि यांच्यात मला फार फरक दिसत नाही. एवढाच की चाकणच्या पोरानं चुकून शेजारच्या कंपनीच्या गेटात पाय टाकला तर त्याला कराचीच्या मलीर जेलमध्ये नेत नाहीत. बोट कुठे न्यायची हे तांडेल ठरवतो, किती मासळी आणायची हे मालक ठरवतो, आणि जेलमध्ये खलाशी सगळ्यांबरोबर जातो.

यात एक गोष्ट मला फार खटकते. समुद्राविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, १९८२ चा. भारतानं तो १९९५ ला मंजूर केला, पाकिस्ताननं १९९७ ला. त्याचं ७३ वं कलम साफ सांगतं की दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात (म्हणजे १२ सागरी मैलांच्या पलीकडे, २०० पर्यंत) मासेमारीचे नियम मोडले तर बोट आणि खलाशी वाजवी हमी घेऊन लवकर सोडायचे, आणि दोन देशांमध्ये तसा करार नसेल तर तुरुंगवासाची शिक्षा द्यायची नाही. दोघांनी सह्या केल्यात. तरी दोघंही एकमेकांचे मच्छीमार जेलात ठेवतात. सुटका झाली की खलाशी कराचीहून लाहोर, तिथून वाघा आणि मग रेल्वेनं घरी, असा अख्खा उपखंड फिरून येतो. बोट बहुतेक वेळा येत नाही.

सहकार्य अगदीच नाही असं नाही हां. २००८ सालच्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. मे २०२५ मध्ये दोन देशांत काय चाललं होतं ते आठवून बघा. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ जुलै २०२५ ला, याद्या वेळेवर दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्ताननं १९३ भारतीय मच्छीमार कैदेत असल्याचं सांगितलं, भारतानं ८१ पाकिस्तानी. क्रॉन जॉबसारखं चालू आहे ते. निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समितीही होती. ती दोन्हीकडच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायची. तिची शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ मधली.

"सीमाच ठरली नाही तर मासे कसे वाटणार?" हा प्रश्न ऐकायला एकदम लॉजिकल वाटतो. पण नॉर्वे आणि सोव्हिएत रशियानं तो कधीच निकालात काढला होता, तोही ऐन शीतयुद्धात! एक नाटोचा सदस्य, दुसरा खुद्द सोव्हिएत संघ. बॅरेंट्स समुद्रातली त्यांची हद्द ठरलेली नव्हती. ती ठरली थेट २०१० साली. पण १९७० च्या दशकाच्या मध्यातच त्यांनी मासेमारीचा संयुक्त आयोग नेमला. दरवर्षी शास्त्रज्ञ सांगणार की कॉड किती पकडायचा, आणि दोघं तो निम्मा-निम्मा वाटून घेणार (थोडा वाटा तिसऱ्या देशांना). रेघ नव्हती, पण वाटणी होती. सोव्हिएत संघ फुटला तरी आयोग चालला. २०२२ ला युक्रेनचं युद्ध पेटल्यावर प्रत्यक्ष बैठका गेल्या, तरी कोटा ठरत राहिला. प्रेम म्हणून नाही. कॉड लहानपणी एकाच्या पाण्यात आणि मोठेपणी दुसऱ्याच्या पाण्यात असतो. एकानं पिल्लंच मारून खाल्ली तर दुसऱ्याला मोठा मासा दिसणार नाही, आणि उलटही. दोघांच्या हातात एकमेकांची नाडी आहे.

आता नकाशाच्या खालच्या टोकाला जाऊ. इथली गोष्ट मला जास्त जवळची, कारण टीममध्ये एक मालवणी मित्र आहे आणि लंच टेबलवर "गोव्याचे ट्रॉलर" हा शब्द निघाला की त्याचा डबा तसाच राहतो.

महाराष्ट्र आणि गोवा यांच्या मध्ये तेरेखोल नदी. किल्ला मात्र नदीच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या काठावर, आणि तरी तो गोव्यात! पोर्तुगीजांनी १७४६ साली तो सावंतवाडीकरांकडून घेतला आणि सीमा तशीच गोठली. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ही खरीखुरी आंतरराष्ट्रीय सीमा होती. १९५६ ला राज्य पुनर्रचनेत कारवार म्हैसूरला गेलं. त्याच वेळी वरच्या बाजूला कच्छ-सौराष्ट्र मुंबई राज्यात आले, त्यामुळे साडेतीन वर्षं द्वैभाषिक मुंबई राज्याचा किनारा सर क्रीकपासून तेरेखोलपर्यंत सलग होता (दीव-दमण वजा). १९६० नंतर गुजरात वेगळा, महाराष्ट्र वेगळा. राज्यघटनेनं मासेमारी राज्यांच्या यादीत टाकलेली, त्यामुळे १२ सागरी मैलांपर्यंतचे, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचे, नियम ज्याचे त्याचे. त्यापलीकडे केंद्र.

या सगळ्या किनाऱ्यावर पूर्वी रापण चालायची. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: एक होडी समुद्रात अर्धगोल फिरून लांबच लांब जाळं सोडते, आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर चाळीस-पन्नास माणसं ओढतात. म्हातारे, पोरं, सगळे. जाळं एकाचं नसतं, घराघरांनी आपापले तुकडे जोडलेले असतात. मासळीचे वाटे पडतात. रापणीची मोठी मर्यादा (आणि मोठा गुण) म्हणजे ती माशाच्या मागे जाऊ शकत नाही. मासा किनाऱ्याला आला तर मिळणार, नाही तर दोर ओढून रिकाम्या हातानं घरी.

मग ट्रॉलर आले, आणि परदेशात कोळंबीला सोन्याचा भाव आला. ट्रॉलरनं तळ खरवडला. त्यानंतर आलं पर्ससीन. बटव्याची नाडी ओढावी तसं खालून आवळणारं प्रचंड जाळं. तारली-बांगड्याचा अख्खा थवा एका खेपेत आत. कर्नाटकात १९७५-७६ पासून व्यापारी पर्ससीन सुरू झालं आणि तिथली रंपणी काही वर्षांतच जवळजवळ संपली. गोव्यात रांपणकारांनी १९७० च्या दशकात जोरदार आंदोलन केलं. मोर्चे, उपोषणं, ट्रॉलरवर हल्ले सगळं झालं. माथानी सालढाणा हे त्या चळवळीतलं मोठं नाव, पुढे ते गोव्यात मंत्रीही झाले. या रेट्यातून १९८० साली गोव्याचा सागरी मासेमारी कायदा आला. केरळचाही त्याच वर्षी, महाराष्ट्राचा १९८१, कर्नाटकाचा १९८६.

इथे आमच्या धंद्यातल्या माणसाला हसू येईल. गोव्यानं पारंपरिक मच्छीमारांसाठी पट्टा राखला किनाऱ्यापासून ५ किलोमीटर. कर्नाटकानं ६ किलोमीटर. आणि महाराष्ट्रानं? अंतर नाही, खोली! जागेनुसार ५ ते १० वाव. कोकणातला तळ काही एकसारखा उतरत नाही. म्हणजे तेरेखोलच्या मुखासमोर एकाच पाण्यात दोन बोटी शेजारी शेजारी उभ्या असतील, तर एकीला फूटपट्टी लागू आणि दुसरीला ओळंबा. युनिट टेस्ट लिहायची तर कशी लिहिणार?

त्यातून मालवण-वेंगुर्ल्यात दरवर्षी तेच घडतं. मलपीचे हायस्पीड ट्रॉलर आणि गोव्याच्या बोटी रात्री आत येतात, स्थानिकांनी लावलेली जाळी तोडून जातात. मत्स्य विभागाची गस्ती नौका पोचेपर्यंत ते १२ मैलांच्या बाहेर. कधी मच्छीमारच पाठलाग करून एखादा ट्रॉलर पकडून बंदरात आणतात, मग गुन्हे दोन्ही बाजूंवर. बरं, पकडला तरी १९८१ च्या कायद्यातला दंड जुन्या जमान्यातला, आणि निवाडा तहसीलदारापुढे. चाळीस वर्षांनी, २०२१ ला, महाराष्ट्रानं कायदा सुधारला. निवाडा मत्स्य विभागाकडे आला, दंड लाखांत गेले. एलईडी हे नवं संकट: बोटीवर जनरेटर, समुद्रात प्रखर दिवे, मासा उजेडाकडे येतो, जाळंवाली बोट त्याला आवळते. केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये आर्थिक क्षेत्रात यावर बंदी घातली. तरी मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की रात्री क्षितिजावर एखादं शहर वसल्यासारखे दिवे दिसतात, असं मित्र सांगतो.

पण सगळं पाप गोवा-कर्नाटकाच्या माथी मारायला मी तयार नाही. (मित्र हे वाचणार आहे. सोमवारी बघू.) महाराष्ट्राच्याच पर्ससीनचं काय? सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारनं आदेश काढला. तेव्हा ४९४ परवाने होते. ते आधी २६२ आणि शेवटी १८२ वर आणायचे, मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. म्हणजे ज्या तारलीसाठी रापणकर गोवेकरांना शिव्या देतो, तीच आपल्याच बोटीही उचलत होत्या, आणि परवाना नसलेल्या वेगळ्याच. तिकडे पालघरात तर दोन्ही बाजू मराठीच: वसई-उत्तनकडचे मच्छीमार डोलीच्या जाळ्यांसाठी समुद्रात कवी मारत डहाणू-सातपाटीसमोर येतात, आणि तिथल्या दालदी जाळंवाल्यांना जागा उरत नाही. खरी फाळणी राज्यांमध्ये नाही, जाळ्यांमध्ये आहे. मलपीचा पर्ससीनवाला आणि रत्नागिरीचा पर्ससीनवाला यांचं हित एक. गोव्याचा रांपणकार आणि तारकर्लीचा रापणकर यांचंही एक. पण मोर्चा निघतो तो "परराज्यातल्या" बोटींवर, कारण निवडणूक राज्यात लढवायची असते.

आणि मासा? तो राज्यांच्या भांडणाची वाट बघत नाही. केरळात २०१२ साली तारली जवळपास ४ लाख टन मिळाली होती. २०२१ साली साडेतीन हजार टनांच्याही आत. समुद्राचं तापमान, पिल्लांची मासेमारी, अल निनो अशी कारणं शास्त्रज्ञ देतात. त्यातलं एकही कारण कुठल्या राज्याच्या हद्दीत बसत नाही.

आमच्या थेरगावात केजुबाई बंधाऱ्यावर उभं राहिलं की खाली पवना दिसते. हे पाणी मुळेत, मग भीमेत, मग कृष्णेत जातं. या पाण्यासाठी १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा आहे. बच्छावत लवाद बसला, त्यानं कृष्णेचं पाणी मोजून दिलं: महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, तेव्हाचा आंध्र प्रदेश ८०० टीएमसी. लोक अजून भांडतात, पण आकड्यावर भांडतात. माशांसाठी तसा कायदा नाही, लवाद नाही, आकडाही नाही. अरबी समुद्रातला बांगडा महाराष्ट्रानं किती घ्यायचा आणि कर्नाटकानं किती, हे कुणीच ठरवलेलं नाही. जो आधी पोचला त्याचा.

एकाच गोष्टीत सगळी राज्यं बऱ्यापैकी एकत्र आली, ती म्हणजे पावसाळी बंदी. पूर्वी प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या. आपल्याकडे नारळी पौर्णिमेचा हिशोब. मग एकाची बंदी चालू असताना दुसऱ्याच्या बोटी सुटायच्या आणि पाहुणचार शेजारच्या पाण्यात. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची समान बंदी आली. केरळ आपल्या १२ मैलांत ५२ दिवसच पाळतं, पण तरी हे मोठंच काम झालं. जमलं कसं? माझं मत असं की यात मोजायचं काही नाही. कोटा लावला तर किलो मोजावे लागतात, हद्द लावली तर मैल मोजावे लागतात. बंदीत फक्त कॅलेंडर बघायचं. २ जुलैला बोट समुद्रात दिसली की ती चूकच, कुणाच्या राज्याची हा प्रश्नच नाही. अंमलबजावणी स्वस्त असलेला नियम टिकतो. (हे वाक्य मी आमच्या आर्किटेक्टलाही पाठवणार आहे.)

बाकी काम आता यंत्रांकडे चाललंय. बोटींना राज्याच्या कोडसकट नंबर आहेत, आयएनडी-एमएच, आयएनडी-जीए वगैरे, आपल्या गाड्यांसारखे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच पंतप्रधानांनी बोटींवर इस्रोचे ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू केली. एकूण १ लाख बोटी. वादळाचा इशारा येणार, संकटात संदेश पाठवता येणार, आणि सीमा जवळ आली की बोटीवर सूचना मिळणार. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं १२ मैलांच्या पलीकडच्या मासेमारीसाठी नियमही काढले. मोठ्या यांत्रिक बोटींना ऑनलाइन पास घ्यावा लागणार, पारंपरिक होड्यांना सूट. एलईडी आणि बुल ट्रॉलिंग तिथेही बंद. यामुळे मलपीचा ट्रॉलर रात्री दोन वाजता मालवणसमोर होता की नव्हता, हा वाद तरी मिटावा. लॉग खोटं बोलत नाही, डिव्हाइस चालू ठेवलं असेल तर.

सर क्रीकसमोर मात्र यंत्राचाही एक प्रॉब्लेम आहे. सीमा जवळ आली हे सांगायला आधी सीमेचे अक्षांश-रेखांश टाकावे लागतात. तिथे दोन देशांना मान्य असलेली एक रेघ अजून नाही. दोन परिच्छेद आहेत. भारतीय बोटीतलं यंत्र भारताची रेघ दाखवणार, पलीकडची गस्ती नौका आपली. बंदी उठेल तेव्हा तलासरीतून पोरं पुन्हा बंदरांकडे निघतील.